फॅट ग्राफ्टिंग: भरलेली चरबी जाते कुठे?

निळावंती

मंडळी, पॅरी-रॉम्बर्ग नावाचा एक दुर्मिळ आजार असतो. चेहऱ्याच्या एका बाजूची कातडी, चरबी, कधीकधी स्नायू आणि हाडसुद्धा हळूहळू झिजत जातं आणि पुढे बहुतेकांत हा प्रकार आपला आपणच थांबतो. माझा कधीचाच थांबलाय, पण जाताना डावा गाल, कानशील आणि ओठाचा कोपरा घेऊन गेला. उपाय म्हणून पोटाची चरबी काढून तिथे भरली. सुरुवातीला ती बाजू इतकी सुजली की घरच्यांना वाटलं, जरा जास्तच भरली की काय. मग सूज उतरली आणि सुजेबरोबर बरीचशी चरबीही उतरली. गालातली बऱ्यापैकी राहिलीय, कानशिलातली अर्धीमुर्धी, ओठाच्या कोपऱ्यातली शोधावी लागते.

आता दुसऱ्या खेपेचं चाललंय आणि जितके डॉक्टर तितकी मतं. एक म्हणतात, चरबी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलीच पाहिजे. दुसऱ्यांच्या मते फिरवली की ती मरते, नुसती धुवायची. तिसरीकडे पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट-समृद्ध द्रव) आणि स्टेम सेलचं पॅकेज आहे, 'ऐंशी टक्के टिकते' असं छातीठोकपणे सांगितलं. मला विचारायचंय ते इतकंच: जी जाते ती का जाते, आणि टिकण्यात खरा फरक कशाने पडतो? कुणी या क्षेत्रातलं असेल तर सविस्तर लिहा, मला कंटाळा येणार नाही. 'त्यापेक्षा फिलर (इंजेक्शनने भरायचं तयार जेल) घे' हा सल्ला मुबलक मिळून झालाय, तो कृपया नको.

भटक्या

माझ्याकडे भरपूर शिल्लक आहे, हवी तेवढी न्या. (ह. घ्या.)

सुईदोरा

भटक्या, दानत मोठी पण उपयोग शून्य. एकसारखं जुळं भावंड सोडलं तर दुसऱ्याच्या जिवंत पेशी शरीर परक्या ठरवून मारून टाकतं, आणि गालासाठी कुणी जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत नाही.

निळावंती, प्लास्टिक सर्जरी हेच माझं काम, म्हणून लिहिते. तुम्हाला न तपासता 'असं करा' म्हणणार नाही, पण आत काय घडतं ते सांगते.

चरबी ओढून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी ठेवल्यावर तो लगेच जोडला जात नाही. आजूबाजूच्या ऊतींतून जो काही ऑक्सिजन झिरपेल त्यावर तग धरायचा आणि कडेने नव्या केशवाहिन्या आत शिरेपर्यंत जगायचं, असा पहिल्या काही दिवसांचा मामला असतो. चरबीपेशी या बाबतीत फार नाजूक. ऑक्सिजन तुटला की साधारण २४ तासांत मरतात. पण चरबीत फक्त चरबीपेशी नसतात. आकारमानाने त्या ९० टक्क्यांहून जास्त जागा अडवतात, मोजायला गेलं तर मात्र अल्पमतात निघतात. बाकीच्या असतात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी, रक्तातून आलेल्या पेशी आणि चरबीतल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. या मूळपेशी चिवट. त्याच परिस्थितीत ७२ तासांपर्यंत टिकतात.

टोकियोत कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून पुढचं चित्र मांडलं. रोपण केलेल्या तुकड्यात तीन थर पडतात. सर्वात बाहेरचा थर जेमतेम ०.१ ते ०.३ मिमी जाडीचा, तिथल्या चरबीपेशी वाचतात. त्याच्या आत साधारण ०.६ ते १.२ मिमीचा पट्टा असतो. तिथे चरबीपेशी मरतात पण मूळपेशी वाचतात आणि पुढच्या आठवड्यांत त्यांच्यापासून नव्या चरबीपेशी तयार होतात. त्याहून आत जे काही असेल ते सगळंच मरतं.

म्हणजे तुमच्या गालात आज जी चरबी आहे तिच्यातला मोठा भाग पोटातून जशाच्या तशा आलेल्या पेशींचा नाही, तो गालातच नव्याने घडलेला आहे. आणि जी 'गेली' ती मेलेल्या पेशींतून सुटलेल्या तेलाच्या रूपात भक्षक पेशींनी थोडी थोडी उचलून नेली. थेंब बारीक असतील तर हे काम काही आठवड्यांत उरकतं. मोठे असतील तर भोवती कवच धरून तेलाची गाठ होते, तिच्या कडेला कॅल्शियम साचतं आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

राहता राहिली टक्केवारी. प्रकाशित अभ्यासांत २० पासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही सापडतं. इतका फरक दिसला की समजावं, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत. जागा वेगळी, भरलेलं प्रमाण वेगळं, मोजायची रीत वेगळी.

गणोबा

मला वैद्यकातलं शून्य कळतं, पण ते थरांचे आकडे वाचून राहवलं नाही. कडेपासून १.५ मिमीपर्यंतचं सगळं वाचतं (०.३ अधिक १.२, म्हणजे उदार हिशोब) असं धरून चाललो.

१ मिली चरबीचा एकच गोळा ठेवला तर त्याचा व्यास १२.४ मिमी. त्यातला ५६ टक्के भाग वाचतो, आतला ४४ टक्के जातो. ५ मिली एकाच जागी ठेवली तर व्यास २१ मिमी, आणि जवळपास ६३ टक्के जातो. उलट तीच १ मिली ५० थेंबांत वाटली तर प्रत्येक थेंब ३.४ मिमीचा. त्याचा मध्य कडेपासून १.७ मिमीवर, म्हणजे मरायला जवळजवळ काही उरतच नाही.

थेंबांऐवजी २ मिमी जाडीच्या दोऱ्यासारखी घातली तर? १ मिलीचा दोरा ३२ सेंमी लांब होतो. गालात १५ मिली घालायची तर पावणेपाच मीटर दोरा! एवढा मावतो कसा हे जाणकारांनी सांगावं.

भटक्या

गणोबा, तुम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तरीही धाग्यातला सर्वात भारी प्रतिसाद तुमचा.

अबोली

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न स्तनाबाबत आहे, सवडीने विचारते.

सुईदोरा

गणोबा, तुमचा १.५ मिमीचा अंदाज चांगला बसला. ब्राझीलमधल्या कार्पानेडा आणि रिबेरो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांत रोपण केलेली चरबी पुन्हा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. त्यांनाही जिवंत भाग कडेच्या साधारण दीड मिमीतच सापडला.

आणि दोरा मावतो तो असा. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात जी पद्धत रुळवली तिचंच कुठलं ना कुठलं रूप आज आम्ही सगळे वापरतो. १ मिलीची सिरिंज, पुढे बोथट टोकाची बारीक कॅन्युला, म्हणजे नळी. सुई नाही, कारण सुई रक्तवाहिनीत शिरते. कातडीला एक बारीकसं छिद्र पाडून कॅन्युला आत पूर्ण लांबीभर सरकवायची आणि तेव्हा दट्ट्याला हातही लावायचा नाही. चरबी सोडायची ती मागे येताना. एका फेरीत ०.१ मिली किंवा त्याहून कमी, डोळ्याभोवती तर १ मिलीचे तीस ते पन्नास भाग करून. पुढची फेरी नव्या बोगद्यातून, थोड्या वेगळ्या कोनात. हाडालगत एक थर, त्याच्या वर एक, कातडीखाली एक. मग दुसऱ्या छिद्रातून पहिल्या रेषांना छेद देत तेच सगळं पुन्हा. गालात एक फेरी तीन-चार सेंमीची असते, म्हणजे तुमच्या ३२ सेंमीसाठी आठ-दहा फेऱ्या. १५ मिलीसाठी दीडशेच्या घरात. अंगठ्याला रग लागते आणि शेवटच्या सिरिंजेसना 'चला, आता संपवू या' हा मोह होतो. तो मोह म्हणजेच ऑइल सिस्ट, ती कवचातली तेलाची गाठ.

दट्ट्या हळू दाबण्यालाही कारण आहे. बारीक नळीतून चरबी जोरात ढकलली की पेशी घासून फुटतात. २०१३ मध्ये एका अमेरिकन गटाने उंदरांत तपासलं, तेव्हा काढतानाच्या निर्वात दाबातल्या फरकापेक्षा भरतानाच्या वेगाने जास्त फरक पडला. हळू सोडलेली चरबी स्पष्टपणे जास्त टिकली. आमच्यातले बरेच जण आयुष्यभर काढण्याच्या पद्धतीवर भांडत आलेत, आणि मुद्दा भरण्यात होता.

चिकित्सक

प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण 'जितकं बारीक तितकं चांगलं' हे मला इतकं सरळ वाटत नाही. लिंडन पीअर यांनी १९५० साली जे प्रसिद्ध केलं त्यात अक्रोडाएवढा अखंड तुकडा वर्षभरात साधारण निम्मा उरला होता, आणि चरबी बारीक चिरून ठेवली तेव्हा निकाल त्याहून वाईट आला. हे गणोबांच्या गणिताच्या बरोबर उलट आहे.

जुनी_पानं

चिकित्सक, त्याच्याही मागे जाऊ या. १८९३ मध्ये गुस्टाव्ह नॉयबर या जर्मन सर्जनने दंडावरची चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणात बसवली, आणि त्याचा अनुभव होता की लहान तुकडे बरे टिकतात. दोनच वर्षांनी चेर्नी यांनी रुग्णाच्या कमरेकडची चरबीची गाठ काढून स्तनातला खड्डा भरला. म्हणजे लहान की मोठं हा वाद या शस्त्रक्रियेइतकाच जुना. पुढे १९७०च्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी आणि मग पॅरिसमध्ये इलूझ यांनी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, आणलं, तेव्हा कुठे चरबी सिरिंजमधून जाण्यासारखी मिळायला लागली.

सुईदोरा

चिकित्सक, रास्त शंका. पण पीअर यांच्या काळात चरबी सुरीने कापून घेत. ती चिरली की पेशी फुटतात, केशवाहिन्यांचं जाळं तुटतं, आणि असे तुकडे पुन्हा एकाच खळग्यात ठेवले तर शरीराच्या लेखी तो एक गोळाच असतो. फक्त आधीच जखमी झालेला. बारीक असणं पुरेसं नाही, एकमेकांपासून लांब असणं हवं. प्रत्येक रेषेच्या चहूबाजूंनी रुग्णाची स्वतःची, रक्त खेळती असलेली ऊती पाहिजे.

आणि बारीक करण्यालाही तळ आहे. २०१३ मध्ये बेल्जियमच्या टोनार यांनी 'नॅनोफॅट' आणलं. चरबी दोन सिरिंजेसमधून पुन्हा पुन्हा इकडून तिकडे ढकलून तिचं दूध करायचं आणि गाळून घ्यायचं. त्यात जिवंत चरबीपेशी उरतच नाहीत, मूळपेशी मात्र उरतात. कातडीचा पोत सुधारायला, व्रण मऊ पडायला ते वापरतात. खड्डा भरायला नाही. हे दोन्ही एकाच नावाखाली विकलं जातं तेव्हा घोळ होतो.

वाटसरू

मग गणिताप्रमाणे बारीक रेषा घालत राहिलं तर हवी तेवढी चरबी टिकायला हवी. थोडी जास्तच घालून ठेवावी, जाईल ती जाईल. हे 'ओव्हरकरेक्शन' बरेच जण करतात ना?

सुईदोरा

करतात, आणि माझं मत विचाराल तर टिकाव बिघडवण्याचा तो सर्वात खात्रीचा मार्ग आहे. गणोबांच्या गणितात एक गोष्ट नाही: ज्या जागेत घालायचं तिची क्षमता. रेषा वाढत गेल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा गोळा होतो, हा एक भाग. दुसरा भाग दाबाचा. जागा ताणली गेली की आतला दाब वाढतो, केशवाहिन्या चेपतात, आणि ज्या कडेच्या थराने वाचायचं त्याचाही ऑक्सिजन तुटतो. तिथे शेवटची ५ मिली आधीच्या १० मिलींनाही घेऊन बुडते.

मायामीचे रॉजर खुरी हे सगळं शेतीच्या भाषेत मांडत: बियाणं, जमीन, पेरणी आणि निगा. उपमा चपखल आहे, कारण बाजारात सगळा भर बियाण्यावर असतो आणि पीक बहुतेक वेळा जमीन ठरवते. खुरी स्तनासाठी 'ब्रावा' नावाचं बाहेरून निर्वात ओढ देणारं कवच आधी काही आठवडे घालायला लावत. जागा सैल व्हावी, तिथला रक्तपुरवठा वाढावा म्हणून. परिणाम मिळत होता, पण ते रोज तासन्‌तास घालणं सगळ्यांना झेपत नसे आणि कातडीला पुरळ यायचं.

निळावंती, तुमच्या बाबतीत जमीनच कठीण आहे. रॉम्बर्गमध्ये कातडी पातळ, ताठ आणि खाली चिकटलेली असते. म्हणून एका खेपेत कमी आणि खेपा जास्त, हाच रिवाज.

निळावंती

हे मला आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. 'तुमच्या शरीराने शोषून घेतली' एवढंच ऐकलं होतं, जणू माझीच चूक. सेंट्रिफ्यूज विरुद्ध धुणं याबद्दल पण लिहाल का?

सुईदोरा

थोडक्यात लिहिते, कारण त्यात थोडकंच आहे. ओढून काढलेल्या चरबीबरोबर रक्त, भुलीचं पाणी आणि फुटलेल्या पेशींचं तेल येतं. ते काढायचं. फिरवून काढा, सलाइनने धुऊन काढा, न चिकटणाऱ्या गॉजवर लोळवून काढा, जाळीतून गाळा. प्रत्येक पद्धतीच्या बाजूने अभ्यास आहेत आणि माणसांत निर्विवाद विजेता एकही ठरलेला नाही. कोलमन ३ मिनिटं, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवत. फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या त्रिज्येवर अवलंबून, म्हणून खरं मोजमाप गुरुत्वाच्या पटीत. साधारण १२०० पटीच्या आसपास थांबलं तर ठीक, त्याच्या फार वर गेलं की पेशी मरायला लागतात. भुलीतलं लिडोकेन प्रयोगशाळेत पेशींना मंदावतं, पण ते धुतलं गेलं की पेशी पूर्ववत होतात असं दिसलंय.

पोटाची की मांडीची? कधी एकाच्या बाजूने निकाल येतो, कधी फरकच नाही असा. जिथे आहे आणि जिथून काढल्यावर वाईट दिसणार नाही तिथून घ्यावी. काढल्यावर उघड्यावर वाळू द्यायची नाही, रेंगाळायचं नाही. बस.

टोकदार

आता त्या 'ऐंशी टक्के' पॅकेजकडे वळू या. हा आकडा बहुधा कुठून उचलला असेल ते सांगतो. २०१३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये कोपनहेगनच्या गटाची एक चाचणी आली. १० निरोगी स्वयंसेवक, प्रत्येकाच्या दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला ३०-३० मिली चरबी. एका दंडात साधी, दुसऱ्यात त्याच माणसाच्या मूळपेशी मिसळून. चार महिन्यांनी एमआरआयवर मोजलं तर मूळपेशींच्या बाजूला ८०.९ टक्के उरली होती आणि साध्या बाजूला १६.३ टक्के.

आकडे खरे आहेत, चाचणी चांगली आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, चरबीच्या दर मिलीला २ कोटी या प्रमाणात. आधी एकदा लायपोसक्शन, मग पेशींची वाढ, मग रोपण. पॅकेजमध्ये जे मिळतं ते त्याच दिवशी, त्याच टेबलाशेजारी चरबीतून वेगळं काढलेलं मिश्रण. त्यात मूळपेशी फार कमी असतात. असं मिश्रण स्तनात वापरून २०१३ मध्येच फिनलंडच्या पेल्टोनिएमी आणि सहकाऱ्यांनी तुलना केली, तर साध्या चरबीपेक्षा जास्त काही टिकलं नाही.

दोन, ती ३० मिली चरबी एकगठ्ठा ठेवली होती, रेषारेषांनी नाही. साध्या बाजूचा १६ टक्के आकडा इतका वाईट का, याचं उत्तर गणोबांनी आधीच दिलंय. मूळपेशींनी वाईट पेरणी सावरली, हे त्या चाचणीतून दिसतं. चांगल्या पेरणीवर त्या किती भर घालतात हा वेगळा प्रश्न. न्याय म्हणून सांगतो, त्याच डॅनिश गटाने पुढे स्तनांवरही चाचणी केली आणि वाढवलेल्या पेशींचा फायदा तिथेही दिसला. पण फायदा वाढवलेल्या पेशींचा. पीआरपीचे अभ्यास तर एक होकार, एक नकार असे आहेत.

चिकित्सक

टोकदार, १० माणसांवरून किती बोलायचं हाही मुद्दा आहेच. शिवाय मूळपेशी वाढवणं म्हणजे बऱ्याच ठिकाणी कायद्याने औषधनिर्मितीच ठरते, दवाखान्याच्या मागच्या खोलीत करायचं काम नव्हे. बाकी +१.

अबोली

माझा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगासाठी गाठ काढली, रेडिएशन झालं. खड्डा पडलाय, कातडी चामड्यासारखी झालीय. चरबी भरता येईल असं म्हणतात. दोन भीती आहेत: रेडिएशन झालेल्या जागी टिकेल का, आणि त्यातल्या मूळपेशींनी कर्करोग परत जागा होईल का?

सुईदोरा

अबोली, पहिली गोष्ट: रेडिएशनने केशवाहिन्या मरतात, म्हणून पहिल्या खेपेत कमी टिकते हे धरून चालायचं. पण गंमत अशी की चरबी घातल्यावर ती जागाच सुधारते. इटलीच्या रिगोत्ती यांनी २००७ मध्ये रेडिएशनने खराब झालेल्या ऊतींवर हेच दाखवलं. कातडी मऊ पडली, नव्या केशवाहिन्या दिसल्या. म्हणून अशा वेळी पहिली खेप अगदी थोड्या चरबीची, जागा तयार करण्यासाठी, आणि आकार पुढच्या खेपांत. पहिल्याच वेळी खड्डा बुजवायला निघालेल्या सर्जनला 'का' म्हणून जरूर विचारा.

दुसरी भीती नवीन नाही. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी भरायला विरोधच केला होता. कारण मुख्यतः हे की गाठी आणि कॅल्शियमचे ठिपके मॅमोग्रामवर कर्करोगाशी घोळ करतील. २००९ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञगटाने भूमिका सैल केली. कॅल्शियम दिसण्यात फरक असतो आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टला तो बहुतेकदा ओळखता येतो. कधीमधी बायोप्सी करावी लागते. कर्करोग परत येण्याचं प्रमाण चरबी भरलेल्या स्त्रियांत वाढल्याचं आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. पण तुमची गाठ कोणत्या प्रकारची होती, किती काळ लोटला, हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञाने बघून हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि पुढे कधीही मॅमोग्राम करताना 'इथे चरबी भरलीय' हे आधी सांगायचं. तिथली तारीख आणि प्रमाण लिहिलेला कागद जपून ठेवा.

अबोली

खूप आभार. हा शेवटचा कागदाचा मुद्दा कुणी सांगत नाही.

वाटसरू

मला एक सुचलं. स्नायूत रक्त भरपूर असतं. मग चरबी सरळ स्नायूतच का घालू नये? जमीन सुपीक ना!

सुईदोरा

वाटसरू, नेमका हाच विचार करून माणसं मेली आहेत, म्हणून जरा ठासून लिहिते. नितंब मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेत 'स्नायूत जास्त टिकते' म्हणून वर्षानुवर्षं स्नायूत चरबी भरली गेली. त्या स्नायूंच्या खाली मोठ्या, पातळ भिंतीच्या शिरा आहेत. शीर फाटली की दाबाखालची चरबी तिच्यातून थेट हृदयात आणि फुप्फुसात जाते, आणि रुग्ण टेबलावरच किंवा काही तासांत जातो. २०१८ मध्ये अनेक संघटनांच्या संयुक्त गटाने धोक्याचा इशारा दिला. मृत्यूचं प्रमाण ३००० मागे १ इतकं असू शकेल असा अंदाज होता, सौंदर्यशस्त्रक्रियांत हे भयंकर आहे. नियम सोपा घातला: फक्त कातडीखाली, स्नायूत कधीच नाही, आणि कॅन्युला ४.१ मिमी किंवा जाड, म्हणजे ती वाकून भलतीकडे जाणार नाही. फ्लोरिडा राज्याने तर २०१९ मध्ये स्नायूत भरण्यावर बंदीच घातली.

चेहऱ्यात धोका वेगळा. भुवयांच्या मध्ये, नाकाच्या बाजूला धमनीत चरबी शिरली तर ती उलटी ढकलली जाऊन डोळ्याच्या धमनीत अडकते. २०१५ मध्ये इंजेक्शनने भरलेल्या पदार्थांमुळे (फिलर किंवा चरबी) अंधत्व आलेल्या ९८ नोंदींचा आढावा आला होता. त्यातल्या जवळपास निम्म्या चरबीच्या होत्या. बोथट कॅन्युला, कमी दाब, थोडं प्रमाण, मागे येताना सोडणं: हे सगळं टिकावासाठी जितकं, तितकंच यासाठी. सुदैवाने दोन्हींचे नियम एकच आहेत.

वाटसरू

बाप रे. शब्द मागे. बरं, रुग्णाने स्वतः काय पाळायचं? सिगारेट वगैरे?

टोकदार

सिगारेट सोडायचीच. निकोटिनने केशवाहिन्या आकसतात आणि इथे सगळी भिस्त त्यांच्यावर. बहुतेक सर्जन आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद ठेवायला सांगतात. निकोटिनची पट्टी किंवा व्हेप म्हणजे पळवाट नव्हे, निकोटिन तेच.

सुईदोरा

आणि भरलेल्या जागी दाब नको. पट्टा बांधायचा तो जिथून काढली तिथे, भरली तिथे नाही. त्या कुशीवर झोपू नका, मालिश करू नका, कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी. वजन स्थिर ठेवा. भरलेली चरबी आपल्या मूळ जागेच्या सवयीने वागते, पोटाची असेल तर वजन वाढलं की गालातही फुगते. वजन वाढलेलं असताना रोपण करून मग उतरवलं तर चरबी 'गेली' असं वाटतं, पण ती नुसती रोडावलेली असते.

भटक्या

अवांतर: एकदाच भरपूर काढून फ्रीजरमध्ये ठेवता येत नाही का? पुढच्या खेपांना पुन्हा पोट टोचायला नको.

सुईदोरा

ठेवतात काही ठिकाणी, पण साध्या गोठवणीत पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. वितळवल्यावर मिळतं ते मुख्यतः तेल. बर्फाचे स्फटिक रोखणारी द्रव्यं घालून, हळूहळू थंड करत नेण्याच्या पद्धतींवर काम चाललंय. सध्या तरी ताजी काढून ताजी भरण्याला तोड नाही.

निळावंती

शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडते. ओठाच्या कोपऱ्यातली गेली ती परत तशीच जाईल का? आणि दुसरी खेप कधी करावी? एक जण पुढच्याच महिन्यात या म्हणतात.

सुईदोरा

ओठ आणि तोंडाचा कोपरा ही सर्वात हलती जागा. बोलणं, हसणं, चावणं, दिवसभर चालूच. नव्या केशवाहिन्या धरायच्या आत तिथे ओढाताण होते, म्हणून गालाच्या हाडावर जितकी टिकते तितकी ओठात टिकत नाही. काही जण आधी बोटॉक्सने तिथला स्नायू थोडा शांत करतात. प्राण्यांत त्याने टिकाव वाढल्याचं दिसलंय, माणसांतला पुरावा तुटपुंजा. तोंडाजवळ केलं तर काही काळ हसू वाकडं होण्याची जोखीमही आहे. मी असते तर कोपऱ्यासाठी खेपा जास्त धरल्या असत्या, प्रत्येक वेळी अगदी थोडी.

वेळेचं म्हणाल तर सूज उतरून, मेलेली चरबी साफ होऊन, नव्या पेशी भरून येईपर्यंत साधारण तीन महिने जातात, आणि आकार पूर्ण स्थिरावायला सहापर्यंत. त्याआधी काढलेल्या फोटोवरून किती टिकली हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अजून किती भरायची हेही ठरवता येत नाही. तुमची पहिली खेप होऊन तेवढा काळ झाला असेल तर पुढच्या महिन्यालाही हरकत नाही. जाताना पहिल्या वेळचा शस्त्रक्रियेचा कागद मागून घ्या. कुठल्या भागात किती मिली घातली होती हे त्यात असायला हवं. गालात १२ घालून ७ दिसतेय की २० घालून ७, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.